सहा पॉईंट चार मीटर

या सदरातले अनुभव मी गेली तीन-चार वर्षं नियमित वाचतोय. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे वाचताना हसलोय. कुणाच्या मामाला रस्त्यात भेटलेली बाई, कुणाच्या काकांनी ऐकलेले आवाज... दर वेळी एकच प्रश्न मनात यायचा: हातात मोबाईल होता ना, मग रेकॉर्ड का नाही केलंत? आज माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. आणि ते कुणाला ऐकवावंसं मला वाटत नाही. म्हणून नुसतं लिहून पाठवतोय.

मी दिनेश. गाव संगमेश्वर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरंच आत. वडील मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला होते, आई गावी भातशेती बघायची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मी सिव्हिल इंजिनिअर झालो ते एका माणसामुळे. लिमये बाई. आमच्या हायस्कूलला गणित आणि विज्ञान शिकवायच्या. बारावीनंतर वडील म्हणाले, "झालं एवढं पुरे, चल माझ्याबरोबर." हे बाईंना कुणीतरी सांगितलं, तर त्या एस.टी.ने आल्या, फाट्यापासून आमच्या वाडीपर्यंत उन्हात चालत आल्या, आणि ओटीवर बसून वडिलांशी तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मला आत ऐकू आलं नाही. बाहेर आलो तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "बाईंच्या ताब्यात दिलाय तुला. त्यांचं नाव राख." इंजिनिअरिंगचा माझा फॉर्म बाईंच्या अक्षरात भरलेला आहे. फक्त सही माझी.

एवढं सविस्तर अशासाठी सांगतोय, की पुढे जे घडलं ते बाईंच्या घरी घडलं. दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेलो असतो.

मी रत्नागिरीत एका कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. साहेबांनी दोन वर्षांपूर्वी ड्रेनेज लाईन तपासायचा कॅमेरा घेतला, आणि तो चालवायचं ट्रेनिंग मला दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात... एका चाकावर चाळीस मीटर जाड, ताठ केबल गुंडाळलेली असते. तिच्या टोकाला अंगठ्याएवढा कॅमेरा, भोवती छोटे दिवे. चेंबरमधून तो पाईपात ढकलत न्यायचा. बाहेर सुटकेससारख्या पेटीत स्क्रीन असतो, त्यावर पाईप आतून दिसतो आणि कोपऱ्यात आकडा पडतो – कॅमेरा किती मीटर आत आहे. कुठे चोंदलंय, कुठे मूळ शिरलंय, कुठे फुटलंय हे न खणता कळतं. कॅमेऱ्याच्या टोकातून सिग्नलही निघतो. वर जमिनीवर लोकेटर फिरवला की कॅमेरा नेमका कुठे आहे ते समजतं, आणि तेवढीच जागा खणायची. नाहीतर पूर्वी अंदाजाने अख्खं परसू उकरायचे.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा आत जात असताना मी मोठ्याने बोलत राहतो. "दोन मीटर, सांधा ठीक. तीन मीटर, थोडी माती." कारण हात घाणीचे असतात, वही धरता येत नाही. स्क्रीनच्या पेटीला माईक आहे, तो व्हिडिओबरोबर हे बोलणं रेकॉर्ड करतो. मग ऑफिसात ऐकून रिपोर्ट लिहायचा.

बाई रिटायर झाल्यावर रत्नागिरीला मांडवीकडे राहायला आल्या. यजमानांनी नोकरीत असताना बांधलेलं साधं, बसकं घर. पुढे थोडं अंगण, मागे परसू. यजमान गेले. मुलगा अभयदादा ठाण्याला असतो. बाई सत्तरीच्या पुढे, एकट्या. मी तेव्हा दर रविवारी जायचो. काही आणायचं असलं तर आणून द्यायचो, चहा प्यायचो.

गेल्या मार्चमध्ये बाईंनी फोन केला. "अरे दिनेश, बाथरूमचं पाणी उलटं येतंय. महिन्यात तिसऱ्यांदा. तुझा तो कॅमेरा असतो ना, तो घेऊन ये. आणि अभयला सांगू नकोस."

अभयदादाला न सांगण्याचं कारण मला ठाऊक होतं. तो दोन वर्षं मागे लागला होता – आई, घर बंद करून ठाण्याला चल. तो वाईट माणूस नाही. आई एकटी, रात्री-बेरात्री काही झालं तर काय, ही काळजी कुणालाही असते. पण बाईंना ते घर सोडायचं नव्हतं. "सातव्या मजल्यावर मी करू काय? खिडकीतून गाड्या मोजू?" असं त्या म्हणायच्या. ड्रेनेजचं मोठं काम निघालं असतं तर अभयदादाला निमित्तच मिळालं असतं.

मंगळवारी सकाळी अकराला मी आणि संतोष गेलो. संतोष म्हणजे माझा जोडीदार, वयाने मोठा, केबल ढकलायचं काम त्याचं. गेटातून शिरतानाच म्हणाला, "तुझ्या बाईंचं घर म्हणजे आज मला शिव्या देता येणार नाहीत. काम कसं व्हायचं?"

ऊन कडक होतं. आभाळात ढगाचा तुकडा नाही. हे मुद्दाम लिहितोय.

बाथरूमच्या मागे चेंबर, तिथून खापरी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, पाईपाची जुनी लाईन परसाखालून सेप्टिक टँकला जाते, साधारण दहा मीटर. धुण्याच्या दगडावर पत्र्याची छोटी पडवी आहे. त्या पडवीत मी पेटी मांडली. बाई चष्मा सारखा करत माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, जशा प्रॅक्टिकलला राहायच्या.

"हे सगळं आमच्या पोटात आहे होय?" स्क्रीनकडे बघून म्हणाल्या.

"पोटातच बाई. एन्डोस्कोपी चाललीय घराची."

"सांगून ठेवते, पेशंट उपाशीपोटी नाहीये."

संतोष हसला. कॅमेरा जात होता. "चार मीटर, सांधा ठीक... पाच मीटर, ठीक... पाच पॉईंट आठ..." आणि सहा पॉईंट चारला थांबलो. पाईपाचा तळच नव्हता. कडा तुटलेल्या, तपकिरी झिलईचा एक मोठा टवका आत लोंबत होता, आणि खाली काळी पोकळी. पोकळीत कडेने वाळू सरसर घसरत होती. म्हणजे पाईप फुटून खालची जमीन वाहून गेली होती. अशी जागा वरून कधीही खचते.

"सहा पॉईंट चार, तळाला भगदाड," मी म्हणालो.

"आयला, केवढं हे," संतोष म्हणाला आणि जीभ चावली.

"किती असेल रे?" बाई.

"वीतभर तरी. पण खाली पोकळी जास्त आहे. बाई, खणायला लागेल."

मी लोकेटर फिरवला. जागा सापडली ती धुण्याच्या दगडापासून तीन पावलांवर, जास्वंदीच्या अलीकडे, बाई दिवसातून दहा वेळा जिथून जातात तिथे. चुन्याने फुली मारली. बाईंना म्हटलं, उद्यापर्यंत या बाजूला फिरकू नका.

बुधवारी सकाळी गंगारामदादा आला. आमच्याकडचा खोदकामाचा जुना माणूस. त्याची एक पद्धत आहे – कुणाच्याही जागेत पारय, म्हणजे पहार, लावण्याआधी जागेवाल्याला गाऱ्हाणं घालायचं. जागेवाला म्हणजे त्या जमिनीचा राखणदार, आमच्याकडे प्रत्येक जागेला असतो असं मानतात. मी घड्याळ बघत होतो, म्हटलं, "दादा, पाईपच तर बघायचाय."

"पाईप तुमचा सायब, जागा त्याची. इचारल्याशिवाय मी हात लावायचा नाय."

बाई दारातून म्हणाल्या, "विचारू दे रे. नारळ हवाय का, गंगाराम? पण खोबरं मला परत पाहिजे."

"खोबरं तुमालाच बाय, मना चाय द्या."

त्याने नारळ ठेवला, हात जोडून पुटपुटला, बाईंचं नाव घेऊन म्हणाला की ह्या घरच्या लेकराबाळांना सांभाळ, चुकलंमाकलं पदरात घे. नारळ फोडला आणि खणायला लागला. मी बाजूला उभा राहून संतोषकडे बघत डोळे मिचकावले. तेही इथे कबूल करतो.

अडीच फुटांवर पाईप लागला.

पाईप धड होता.

मी स्वतः खड्ड्यात उतरलो. पुढे-मागे मीटरभर हाताने माती काढली. खापरी पाईप, जुना, पण एक चीर नाही. थापीने ठोकला तर खणखणीत वाजला. खाली हात घातला... घट्ट ओली वाळू. पोकळी नाही, काही नाही.

गंगारामदादा काठावर बसून म्हणाला, "सायब, तुमच्या टीव्हीत कुनाचं दुसऱ्याचंच घर दिसला वाटतं."

मी परत कॅमेरा घातला. खड्ड्यात संतोष पाईपावर हात ठेवून उभा. सहा पॉईंट चारला आलो – गोल, स्वच्छ, धड पाईप. संतोषने वरून थापी वाजवली, ती ठिकठिक पेटीपाशी बसून मला ऐकू आली. तसाच पुढे गेलो. नऊ मीटरला, टँकच्या तोंडाशी, साबण आणि चिकट घाणीचा गोळा बसला होता. पाणी तुंबण्याचं कारण ते. अर्ध्या तासाचं काम. दुपारी दोनपर्यंत लाईन मोकळी झाली, खड्डा बुजवला, गंगारामदादाने वरून पाणी मारून धुम्मसाने माती ठोकून बसवली.

मला इतकी लाज वाटत होती... बाईंच्या समोर चुकलो याची. बाई म्हणाल्या, "यंत्र चुकतं कधीकधी. चेहरा कशाला पाडतोस? पाणी गेलं ना?"

ऑफिसात येऊन चारच्या सुमारास मी मंगळवारचं रेकॉर्डिंग लावलं. माझी खात्री होती की काहीतरी गोंधळ झालाय, कार्डावर जुन्या साईटचा व्हिडिओ राहिलाय किंवा काय. संतोष शेजारी खुर्ची ओढून बसला.

सुरुवात बरोबर होती. एन्डोस्कोपी, उपाशीपोटी, संतोषचं हसणं, मागे कावळा. म्हणजे व्हिडिओ बाईंच्याच घरचा, त्याच दिवशीचा. चार मीटर. पाच मीटर. पाच पॉईंट आठ. मग सहा पॉईंट चार, आणि भगदाड. आम्ही पाहिलं होतं तसंच, लोंबणाऱ्या टवक्यासकट.

पण आवाज वेगळा.

मी "तळाला भगदाड" म्हणालो होतो, ते त्यात नव्हतं. संतोषचं "आयला" नव्हतं. बाईंचा प्रश्न नव्हता. कावळाही नव्हता. पाऊस होता. पत्र्यावर जोरात पडणारा पाऊस – कोकणातल्या माणसाला तो ओळखायला शिकवावं लागत नाही. आणि त्या पावसातून माझा आवाज. मी ओरडत होतो.

"बाई, मागे या! तिथे पाय टाकू नका! बाई—"

इथे तुटतं. पाऊसही एकदम थांबतो. परत कावळा, आणि परत माझाच शांत आवाज, "बाई, खणायला लागेल." सगळं मिळून दहा-अकरा सेकंदं. तेवढा वेळ कोपऱ्यातला आकडा सहा पॉईंट चारवर स्थिर आहे, आणि स्क्रीनवरच्या घड्याळाचे सेकंद एकही न गाळता पुढे चाललेत.

संतोषने माझ्याकडे बघितलं. "हे तू कधी बोललास?"

"नाही बोललो."

"मग पुसून टाक."

"अरे पण..."

"दिन्या, पुसून टाक. मला असल्यात ओढू नको. माझ्या घरी पोरं आहेत." तो उठून बाहेर गेला. त्यानंतर त्याने हा विषय काढलेला नाही. मी काढला तर उठून जातो.

मी पुसलं नाही. ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला फाईल दाखवली, काय आहे ते न सांगता. तो म्हणाला, एकसंध आहे, कुठे जोडकाम नाही. हवामान कुणाला विचारायची गरज नव्हती. मार्चमधल्या त्या मंगळवारी रत्नागिरीत घाम सोडून दुसरं काही पडलं नव्हतं.

दोनच दिवसांत अभयदादाचा फोन. शेजाऱ्यांकडून त्याला खड्ड्याचं कळलं होतं. "दिनेश, आई मला काही सांगणार नाही. तू इंजिनिअर आहेस, तू सांग. परसातली जमीन खचतेय का? खचत असेल तर मी मेमध्ये येऊन तिला घेऊन जातो. नसेल तर हा विषय मी परत काढणार नाही, शब्द देतो. मला तुझ्या सहीचा कागद पाठव."

आता तुम्हीच सांगा, मी काय लिहायला हवं होतं? खणून पाहिलं त्याप्रमाणे पाईप धड, जमीन घट्ट. रेकॉर्डिंगप्रमाणे भगदाड. एक लिहिलं तर बाई ठाण्याला. दुसरं लिहिलं तर बाई त्या परसात, रोज, एकट्या... मी तीन दिवस तो कागद लिहू शकलो नाही. शेवटी लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेलो आणि ऐकवलं.

बाईंनी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून.

"तुझाच आवाज आहे," त्या म्हणाल्या. "घाबरलास की तुझा आवाज असा वर चढतो. तोंडी परीक्षेला चढायचा."

"बाई, तुम्ही ठाण्याला जा." माझ्या तोंडून गेलं.

"कागदावर काय लिहिणार आहेस?"

"तेच कळत नाहीये."

"खड्ड्यात उतरून हात कुणी लावला?"

"मी."

"मग हाताला जे लागलं ते लिही. हे जे आहे," लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय आहे ते तुला माहीत नाही, मलाही नाही. जे माहीत नाही त्याच्यावर सही करायची नसते."

"आणि हे खरं झालं तर?"

बाई हसल्या. अगदी मोकळं हसल्या. "अरे, नीट ऐक ना. यात मी एकटी आहे का? तू आहेस. तू ओरडतोयस. म्हणजे जेव्हा केव्हा हे होईल, तेव्हा तू इथे असणार. मग तू नसशील तेव्हा मला कसली भीती? सोमवार ते शनिवार मी निर्धास्त."

त्यांच्या दृष्टीने हिशेब सुटला. त्या चहा टाकायला गेल्या. मी तिथेच बसून राहिलो, कारण त्याच हिशेबाची दुसरी बाजू मला दिसली होती. मी नसेन तेव्हा काही होणार नाही... म्हणजे मी येईन तेव्हाच होईल.

रिपोर्ट लिहिला. पाईप सुस्थितीत, जमीन घट्ट, धोका नाही. खाली सही केली. अभयदादाने आभार मानले आणि खरंच विषय सोडला. आज बाई त्या घरात आहेत त्या माझ्या सहीवर.

जागेभोवती चिरे लावून ती अडवावी असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, माझ्याच परसात मी वळसे घालून फिरणार नाही. आणि खरं म्हणजे चिरे लावायचे कुठे? कॅमेऱ्याचा आकडा सहा पॉईंट चार, हे ठीक. पण माझा आवाज नुसता "तिथे" म्हणतो. तिथे म्हणजे कुठे? दगडाशी? टँकवर? परसातल्या विहिरीकडे? मे महिन्यात मी परत कॅमेरा घातला. संतोष आला नाही, एकट्यानेच घातला. सगळी लाईन धड. मनातल्या मनात बोललो, तोंडाने एक शब्द काढला नाही. माईकवर काहीतरी यायला नको म्हणून.

मग पाऊस लागला.

मी ठरवलं, पावसात बाईंकडे जायचं नाही. कोकणाबाहेरच्या वाचकांना हे सोपं वाटेल. रत्नागिरीत पावसात जायचं नाही म्हणजे चार महिने जायचंच नाही. पहिल्या रविवारी साईटचं निमित्त सांगितलं, दुसऱ्या रविवारी गावी गेलो म्हटलं. मग फोन घ्यायचंच टाळायला लागलो. सामान रिक्षावाल्याबरोबर पाठवायचो. रात्री पाऊस वाढला की उठून बसायचो. बायको विचारायची, काय झालं? काय सांगणार? एकदा तर भर दुपारी, धो-धो पावसात, स्कूटर काढून त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो. जावं तर माझ्यामुळे होईल, न जावं तर... न जावं आणि तरी झालं तर? तेव्हा ओरडायला कोण असेल? ज्या बाई माझ्यासाठी उन्हातून चालत वाडीवर आल्या, त्यांच्या घरापासून मी शंभर पावलांवरून परत जात होतो.

ऑगस्टमध्ये बाईंचा फोन आला. आवाज बसलेला. "तीन दिवस ताप आहे. औषधं आण. रिक्षावाल्याबरोबर पाठवू नकोस, तू ये. मला सगळं कळतं रे."

गेलो. बाहेर मुसळधार. पुढचं दार वाजवलं तर आतून ओरडल्या, "दार फुगलंय, उघडत नाही! मागून ये!"

मागून. म्हणजे परसातून.

मी भिंतीच्या कडेकडेने, चेंबरच्या बाजूने पडवीत पोचलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तोच आवाज. बाई मागच्या दारात शाल घेऊन उभ्या होत्या. अडीच महिन्यांत वाळल्या होत्या. माझ्याकडे आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"भिंतीला पाल चिकटते तसा आलास," म्हणाल्या. "हे असं किती दिवस चालायचं?"

मी औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तू त्या वाक्याला घाबरून येत नाहीस ना? मग म्हणून टाक. आत्ता. पाऊस आहे, तू आहेस, मी आहे. मी इथे दारात सुरक्षित उभी आहे. ओरड आणि संपव एकदाचं. टेपमध्ये होतं ते आज झालं, म्हणू आपण."

मला ते इतकं पटलं! हे मला का सुचलं नव्हतं? मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "बाई, मागे या! तिथे पाय टाकू नका!"

पाऊस पडत राहिला. काही झालं नाही. बाई मान वाकडी करून ऐकत होत्या.

"परत म्हण."

परत म्हटलं.

"अजून एकदा. जोरात."

तिसऱ्यांदा शेजारची खिडकी उघडली. बाईंनी हात वर करून थांबवलं. मग म्हणाल्या, "नाही रे. हे ते नाही."

मलाही कळलं होतं. पहिल्याच शब्दाला कळलं होतं. शब्द तेच होते, माणूस तोच, पाऊस तोच. पण टेपमधला दिनेश काहीतरी बघून ओरडतोय. मी काहीच बघत नव्हतो.

"चल, आत ये. भिजलास," बाई म्हणाल्या. औषधांची पिशवी घ्यायला त्या पुढे झाल्या. मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, त्या बाई इतकी वर्षं न बघता उतरतात, हातात ताट असलं तरी. त्या दिवशी पहिली पायरी उतरण्याआधी त्या थांबल्या. चौकट धरली. वाकून खाली बघितलं, आणि मग पाय टाकला. दुसऱ्या पायरीलाही तसंच. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

ताप उतरला. बाई आता बऱ्या आहेत. मी परत दर रविवारी जातो, पाऊस असो-नसो. परसात पोचलो की आधी नजर जमिनीवर फिरते, मग बाईंकडे. चहा पिताना मी दाराच्या बाजूला बसतो. ठाण्याला जाण्याबद्दल परवा त्यांनी स्वतःहूनच विचारलं, "अभयकडे दिवाळीनंतर थोडे दिवस जाऊन येऊ का रे?" मी चटकन हो म्हणालो. फारच चटकन म्हणालो बहुतेक. त्या कप उचलून आत गेल्या.

वाचकांपैकी कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाले असतील, त्यांनी अकरा सेकंदांचा काही खुलासा केला तर मी ऋणी राहीन. मॅन्युअल तीनदा वाचलंय, कंपनीच्या माणसालाही विचारलंय. पंधरा वर्षांपूर्वी बाईंनी माझ्यावर विश्वास टाकला, आणि आज त्या माझ्यामुळे स्वतःच्या घरात खाली बघून चालतात, एवढंच मला माहीत आहे.